खुंटरोपांना कडक डोस कशासाठी?

मातीविना फळझाडांची रोपं तयार करणाऱ्यांमध्ये सध्या एक समज घट्ट बसला आहे. टोमॅटोला, ढोबळी मिरचीला अडीच-तीन ईसीचं (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, द्रावणातल्या क्षारांचं माप) द्रावण चालतं. मग पुढे वीस-पंचवीस वर्षं उभ्या राहणाऱ्या संत्र्याच्या किंवा आंब्याच्या रोपाला त्याहून कमी का द्यायचं? झाड मोठं, तर खुराकही मोठा हवा. त्यातूनच पुढचा हिशोब निघतो. द्रावण जितकं तीव्र, तितका खुंट लवकर पेन्सिलच्या जाडीचा होणार, डोळा लवकर भरता येणार आणि पिशवी लवकर विकली जाणार. विद्राव्य खतं विकणारे हे सांगत होतेच. आता सल्लागार म्हणून फिरणारे कृषी पदवीधरही तेच सांगू लागले आहेत आणि कर्ज काढून शेडनेट उभारणारी तरुण मुलं ते प्रमाण मानून टाक्या भरत आहेत. हा सल्ला चुकीचा आहे. त्याने रोपं बिघडतात, पैसा जातो, विहिरीचं पाणी नासतं, आणि बागायतदाराच्या पदरात पडतं ते वरून हिरवंगार दिसणारं पण मुळाने लंगडं झालेलं कलम. म्हणून तो मुद्द्यांनिशी खोडून काढायला हवा.

गोंधळ दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्यामुळे झाला आहे. द्रावणात अन्नद्रव्यं किती दाट आहेत, ही एक गोष्ट. दिवसभरात ती मुळाला किती मिळतात, ही दुसरी. ईसी मीटर फक्त पहिली मोजतो. नायट्रेट, पोटॅशियम, फॉस्फेट हे आयन मुळाच्या पेशी विशिष्ट वाहकांमार्फत, ऊर्जा खर्च करून आत घेतात, आणि या वाहकांची क्षमता मर्यादित असते. वनस्पतिशास्त्रज्ञ इमॅन्युएल एपस्टीन यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत सातूच्या मुळांवर जे प्रयोग केले, त्यांतून हे स्पष्ट झालं. पोटॅशियम लिटरला जेमतेम ०.०२ मिलिमोल असलं, तरी मुळाची मुख्य शोषणयंत्रणा आपल्या कमाल वेगाच्या निम्म्यावर पोचलेली असते. मातीविना शेतीत प्रमाण मानल्या जाणाऱ्या होगलँडच्या पूर्ण तीव्रतेच्या द्रावणात पोटॅशियम लिटरला ६ मिलिमोल असतं, म्हणजे त्याच्या ३०० पट. इतक्या दाट द्रावणात दुसरी एक यंत्रणा चालू होते आणि शोषण आणखी वाढतं, हे मान्य. पण तिथे मुळाची निवड सैल पडते आणि पोटॅशियमच्या जोडीने सोडियमही आत शिरतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात सोडियमची कमतरता नसते, हे ध्यानात घेतलं तर या ‘जादा’ शोषणाची किंमत कळते.

‘पण होगलँडचं द्रावण तर जगभरातलं प्रमाण आहे ना?’ हा पुढचा आक्षेप. होगलँडचं सूत्र वेदवाक्यासारखं मिरवणाऱ्यांनी ते कुठल्या परिस्थितीत लिहिलं गेलं हे एकदा पाहावं. १९३०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विल्यम गेरिक यांनी पाण्यात वाढवलेल्या उंचच उंच टोमॅटोमुळे वर्तमानपत्रांत मोठी हवा झाली होती. माती आता कालबाह्य झाली, घराच्या गच्चीवर शेती होईल, असं बोललं जात होतं. डेनिस होगलँड आणि डॅनियल अर्नन यांनी त्याच विद्यापीठातून १९३८ मध्ये जी पुस्तिका काढली, ती या उत्साहाला आवर घालण्यासाठी. पाण्यातलं पीक चांगल्या मातीतल्या पिकापेक्षा मुळातच सरस ठरत नाही, हा तिचा एक निष्कर्ष. सदासर्वकाळ इतरांपेक्षा श्रेष्ठ ठरेल असं कोणतंही एकच द्रावण नाही, हेही त्यांनी तिथे सांगितलं आहे. त्यांची तुलना प्रामुख्याने टोमॅटोवर उभी होती: वेगाने वाढणारं, काही महिन्यांत फळ देऊन संपणारं, खाऊ पीक. त्याला लिटरला २१० मिलिग्रॅम नत्र देण्यात अर्थ आहे. पहिल्या वर्षी मुळं पसरवण्यात वेळ घालवणाऱ्या जंबेरीच्या (संत्र्याच्या खुंटाच्या) रोपाला तेवढा नत्र देण्याचा आधार त्या पुस्तिकेत शोधणं म्हणजे लेखकांच्या तोंडी भलतंच विधान घालणं आहे. झाडांच्या रोपांवर काम करणारे संशोधक होगलँडचं सूत्र अर्ध्या किंवा पाव तीव्रतेने वापरताना दिसतात, ते काही खताची काटकसर म्हणून नव्हे.

दाट द्रावणाचा खरा उपयोग साठ्याचा आहे. टाकी आठ-दहा दिवस बदलायची नसेल, तर तेवढे दिवस पुरेल इतकी शिदोरी एकदम भरावी लागते. ज्याच्याकडे पंप आहे, ठिबक आहे, रोज पाणी सोडायची सोय आहे, त्याला ही शिदोरी लागत नाही. तोच नत्र पातळ द्रावणातून, पण अनेकदा देता येतो.

या बाबतीत मला सर्वांत निर्णायक वाटतं ते स्वीडनच्या टॉर्स्टेन इंगेस्टाड यांचं काम. त्यांनी १९७०च्या दशकापासून बर्चसारख्या झाडांची रोपं पाण्यात वाढवली आणि द्रावणाची तीव्रता ठरवून देण्याऐवजी अन्नद्रव्यं घालण्याचा वेग ठरवला. रोप जसजसं वाढेल, तसतशी रोजची मात्रा त्याच प्रमाणात वाढवत न्यायची. परिणाम असा की मुळाभोवतीचं द्रावण अत्यंत पातळ राहूनही रोपं जोमाने वाढली आणि त्यांच्यावर कमतरतेचं एकही लक्षण दिसलं नाही. वाढीचा वेग पुरवठ्याच्या वेगाशी जुळत गेला, तीव्रतेशी नाही. ‘झाड मोठं म्हणून द्रावण दाट’ या कल्पनेचा पाया इथेच ढासळतो. मोठ्या रोपाला जास्त अन्न लागतं हे खरं, पण ते जास्त अन्न जास्त वेळा दिलेल्या पाण्यातून जातं.

आता क्षार सहन करण्याबद्दल. रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेतले मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये पिकांच्या सहनशीलतेचे आकडे एकत्र मांडले, ते आजही वापरले जातात. जमिनीच्या संपृक्त अर्काचा ईसी २.५ डेसिसीमेन्स प्रति मीटर होईपर्यंत टोमॅटोचं उत्पादन घटत नाही, आणि त्यापुढे प्रत्येक एककामागे सुमारे १० टक्क्यांनी घटतं. संत्र्याची मर्यादा १.७ आहे आणि पुढची घट १६ टक्क्यांची. पीचची मर्यादाही १.७, पण घट २१ टक्के. जर्दाळू १.६ ला थांबतो आणि पुढे एककामागे २४ टक्के गमावतो. खजूर मात्र ४ पर्यंत निर्धास्त असतो. म्हणजे ‘फळझाड’ या एका नावाखाली सगळ्यांना एकच पाणी देता येत नाही. डाळिंब मध्यम सहनशील आहे, खजूर कणखर. पण आपल्या रोपवाटिकांमध्ये ज्यांची गर्दी आहे ती लिंबूवर्गीय आणि आंब्याची रोपं टोमॅटोपेक्षा नाजूक आहेत. टोमॅटोचा दाखला देऊन त्यांना कडक पाणी पाजणं नेमकं उलटं आहे.

यावर जाणकार प्रतिपक्षी एक बरोबर मुद्दा काढतात, आणि तो टाळून चालणार नाही. हे आकडे संपृक्त अर्काचे आहेत. वाफशावर असलेल्या जमिनीतलं पाणी त्या अर्काच्या साधारण दुप्पट खारट असतं. मग संत्र्याची १.७ ची मर्यादा मुळाशी प्रत्यक्षात ३.४ च्या आसपास नाही का? हिशोब बरोबर आहे. पण तो हिशोब जमिनीत खोल रुजलेल्या झाडाचा आहे. त्याला एका थरात खारटपणा आला तर दुसऱ्या थरातून पाणी घेता येतं. अर्ध्या लिटरच्या कपातल्या, चार पानांच्या रोपाला दुसरा थर नाही. शिवाय पूर्ण तीव्रतेचं होगलँड स्वतःच २ ते २.२ ईसीचं असतं. त्यात आपलं पाणी मिळवा. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी ०.८-०.९ ईसीचं असणं ही रोजची गोष्ट आहे. झाले ३. आणि हे आकडे टाकीतले आहेत, कपातले नाहीत.

कपात काय होतं ते विदर्भाच्या एप्रिल-मेमध्ये पाहावं. हवा कोरडी, पारा ४२-४३ वर. रोप पाणी भराभर ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. क्षार मात्र त्याच वेगाने ओढत नाही. सकाळी दिलेलं ३ ईसीचं पाणी दुपारपर्यंत निम्मं उडालं, की कपात उरलेल्या पाण्याचा ईसी ६ च्या दिशेने सरकतो. कोकोपीट नीट धुतलेलं आणि कॅल्शियम नायट्रेटने मुरवलेलं नसेल, तर त्याचं स्वतःचं सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड यात भर घालतं. दुसऱ्या दिवशी मालक पाहतो तर पानांची टोकं करपलेली, शेंडा मलूल. ऊन लागलं म्हणून तो शेडनेटचा दुसरा पडदा ओढतो. करपण्याचं मूळ कारण टाकीत असतं. उन्हाळ्यात द्रावण पातळ करायला हवं, नेमका तेव्हाच ‘रोप वाढीला लागलंय’ म्हणून डोस वाढवला जातो.

काळोखीबद्दल, म्हणजे पानांच्या गर्द हिरवेपणाबद्दल, आता स्पष्ट बोलायला हवं. पानांवर आलेली काळोखी पाहून गिऱ्हाईक खूश होतं, नर्सरीवालाही खूश होतो. पण ही काळोखी बहुतेकदा जादा नत्राची असते. जादा नत्र मिळालेलं रोप आपली कमाई शेंड्यात घालतं आणि मुळाकडे दुर्लक्ष करतं. मुळाचं शेंड्याशी असलेलं प्रमाण घटतं. ही वनस्पतिशास्त्रातली जुनी आणि वारंवार सिद्ध झालेली गोष्ट आहे. पोषण सहज मिळत असेल तर रोपाने मुळांवर खर्च का करावा? टोमॅटोच्या बाबतीत हे चालून जातं, कारण त्याला मरेपर्यंत त्याच टाकीवर राहायचं असतं. खुंटरोपाला मात्र एक दिवस पिशवी फाडून काळ्या जमिनीत उतरायचं आहे आणि तिथे कुणी दर तीन तासांनी ठिबक सोडणार नाही. त्या दिवशी त्याला तारेल ती पांढरी मुळी. पंधरा इंची शेंडा तिथे कामाला येत नाही. वर तो लुसलुशीत शेंडा म्हणजे नागअळीला आणि सायलाला आमंत्रण. दोन्ही किडी कोवळ्या नवतीवरच वाढतात, आणि सायला तर ग्रीनिंग रोगाचा वाहक आहे.

डिंक्याने आधीच बेजार झालेल्या संत्रा पट्ट्यात आणखी एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. क्षारांच्या ताणात असलेली लिंबूवर्गीय मुळं डिंक्या आणणाऱ्या फायटोप्थोराला लवकर बळी पडतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. रोगमुक्त कलमांसाठी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निर्जंतुक माध्यमातल्या, जमिनीपासून उचललेल्या रोपवाटिकेचं तंत्र रुजवलं. ते स्वीकारायचं आणि मग खारट पाण्याने मुळं हळवी करून रोगाला दार उघडायचं, यात कुठलं शहाणपण?

स्फुरदाचाही प्रश्न आहे. लिंबूवर्गीय मुळांवर केशमुळं कमी असतात. जमिनीत त्यांचा बराचसा भार मायकोरायझा बुरशी उचलते. मुळात स्फुरद भरपूर झाला की रोप या बुरशीला थारा देत नाही. आणि रोपवाटिकांमध्ये सर्रास चालणारं १९:१९:१९ घ्या. लिटरला १ ग्रॅम टाकलं, तर शुद्ध स्फुरद सुमारे ८३ मिलिग्रॅम पडतो. होगलँडच्या पूर्ण तीव्रतेत तो ३१ आहे. म्हणजे ‘हलका डोस’ म्हणून दिलेल्या एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या प्रमाणद्रावणाच्या अडीच पटींहून जास्त स्फुरद गेला, आणि कॅल्शियम शून्य. शिवाय या खतातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. युरियाचा आयन होत नाही, त्यामुळे ईसी मीटरला तो दिसतच नाही. मीटर १ दाखवतो आणि रोपाला नत्र त्याहून कितीतरी जास्त मिळतो. आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी निदान तो आकडा काय मोजतो हे तरी पाहावं.

पिवळ्या पानाच्या बाबतीत होणारी चूक मला सर्वांत महागडी वाटते. रोप पिवळं पडलं की ‘उपाशी आहे’ म्हणून द्रावण वाढवलं जातं. पण पिवळेपणाचे प्रकार असतात. खालची जुनी पानं सबंध फिकट पडली तर नत्राचा विचार करावा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर ती लोहाची हाक आहे. आणि टाकीत लोह असूनही ती हाक येऊ शकते. आपल्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कपातला सामू साडेसात-आठवर जातो, आणि साडेसहाच्या वर गेलं की ईडीटीए रूपातलं लोह टिकत नाही. अशा पाण्यात आम्ल घालून सामू सहाच्या आसपास आणणं, किंवा ईडीडीएचए रूपातलं लोह देणं, हा उपाय आहे. त्याऐवजी १९:१९:१९ ची मूठ वाढवली, की लोहाची अडचण तशीच राहते आणि वर क्षारांचा मारा बसतो. मग पानं आणखी पिवळी, डोस आणखी कडक. अशी रोपं शेवटी ‘मर लागली’ म्हणून फेकली जातात.

बी रुजतानाचा काळ तर या वादाच्या बाहेरच ठेवायला हवा. आंब्याचं रोप पहिले काही आठवडे कोयीतल्या साठ्यावर जगतं. कोकणात कोय कलम बांधतात तेव्हा ते जेमतेम दोनेक आठवड्यांचं असतं, पानं अजून तांबूस. त्याला त्या वेळी कडक द्रावण देणं हा शुद्ध अपव्यय आहे. जंबेरीचं बी लहान, त्याची शिदोरी लवकर संपते, पण खरी पानं येईपर्यंत तिथेही स्वच्छ पाणी आणि थोडं कॅल्शियम पुरतं.

याचा अर्थ द्रावण जितकं पातळ तितकं उत्तम, असं मी म्हणत नाही. कॅल्शियमशिवाय मुळाचं टोक मरतं, आणि तेही काही दिवसांतच. कोकणातल्या जांभ्याच्या भागात पाणी मऊ असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नाममात्र. तिथे द्रावण आंधळेपणाने पाव तीव्रतेवर आणलं तर या दोन्हींची उणीव भासेल, ती वेगळी भरावी लागेल. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की रोप पाणी कमी ओढतं. तेव्हा थोडं दाट द्रावण चालतं, कधी गरजेचंही ठरतं. आणि टाकी भरून आठ दिवस तिकडे न पाहणाऱ्यासाठी पातळ द्रावण धोक्याचं आहे, कारण त्याचा साठा चार दिवसांत संपेल. पातळ द्रावणाला लक्ष लागतं. ते देणं जमत नसेल तर तसं सांगावं. आपल्या सोयीला शास्त्राचं नाव देऊ नये.

लक्ष ठेवणं अवघड नाही. फिरत्या पाण्याच्या टाकीचा ईसी रोज त्याच वेळी मोजा, आणि टाकीत पाण्याची पातळीही पाहा. पाणी घटलं आणि ईसी चढला, तर रोप क्षारांपेक्षा पाणी जास्त मागतं आहे: द्रावण कडक आहे, साधं पाणी घाला. ईसी उतरत गेला तर रोप भुकेलं आहे. कोकोपीटच्या कपांमध्ये तळातून निचरणारं पाणी धरून मोजा. तो आकडा दिलेल्या पाण्याच्या दीडपटीवर गेला, तर धुवायची वेळ झाली. माझ्या मते जंबेरी-रंगपूर लाइमला खऱ्या पानांपासून खतामुळे वाढणारा ईसी ०.६ च्या आसपास आणि खुंट जाडीला लागल्यावर १ ते १.२ पुरेसा आहे, आणि पाण्याचा स्वतःचा ईसी ०.८ च्या वर असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त करावा, पावसाचं पाणी साठवावं, मग खताची भाषा बोलावी.

निचऱ्याचं पाणी जातं कुठे, याबद्दल कडक डोसवाले अवाक्षर काढत नाहीत. होगलँडच्या पहिल्या सूत्रात सगळा नत्र नायट्रेटच्या रूपात आहे. लिटरला सुमारे ९३० मिलिग्रॅम नायट्रेट. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. वीसपटीहून जास्त. कप धुण्यासाठी दिलेल्या पाण्यातलं १५-२० टक्के खाली जायलाच हवं, आणि बहुतेक शेडनेटांमध्ये ते सरळ जमिनीत मुरतं. खाली त्याच वाडीची विहीर असते, आणि त्याच विहिरीचं पाणी लहान मुलं पितात. द्रावण निम्मं केलं तर तेवढ्याच निचऱ्यामागे हा बोजाही निम्मा होतो. फक्त एवढ्या कारणासाठीही कडक डोस सोडायला हवा.

राहता राहिला वेळेचा हिशोब. ‘डोळा पंधरा दिवस आधी भरता आला तर एक फेरी वाढते,’ असं म्हणतात. ते जर खरं असेल तर सिद्ध करणं सोपं आहे. एकाच बियाण्याची, एकाच पाण्यावरची रोपं दोन बाकांवर ठेवा, एकाला २.२ चं द्रावण, दुसऱ्याला १ चं, आणि दुसऱ्या बाकाला पाणी जास्त वेळा सोडा. डोळा भरण्याच्या दिवशी दोन्हींतली काही रोपं उपटून मुळं धुवा, वाळवा, मुळं आणि शेंडे वेगवेगळे तोला. बाकीची बागेत लावा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर किती जगली ते मोजा. कडक डोसची शिफारस करणाऱ्यांनी हे चार आकडे, खतांच्या जाहिरातीशेजारी नव्हे तर कलमाच्या पावतीवर छापून द्यावेत.